बाजेचे आठ खळगे

देव काल परत आला, इंदू, आणि बाज कुणी फिरवायची हा प्रश्न आपल्या घरात पहिल्यांदा उभा राहिला.

वेशीकडून हलग्या ऐकू यायला लागल्या तेव्हा आई ओसरीत बसली होती. मोतीबिंदूनं तिला आता उजेड-अंधारापलीकडं काही कळत नाही, पण हलगीच्या आवाजावरून देव कुठवर आला ते ती अचूक सांगते. तिनं हात जोडून कपाळाला लावले आणि सवयीनं आत हाक मारली, "इंदे, देव आला गं. ह्यांची बाज फिरव." हाक मारून झाली, आणि मग तिनं पदर तोंडाशी धरला. मी आत तात्यांच्या उशाशी उभा होतो. तुझा तेरावा होऊन आठवडाही झालेला नाही. तिचं काही चुकलं नाही. मी स्वतः त्या सकाळी चहासाठी तुलाच हाक मारली होती.

हे लिहायला बसलो ते त्या बाजेपायी. मी कमी बोलणारा माणूस. तू म्हणायचीस, "तुमच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे फुटक्या घागरीनं आडाचं पाणी शेंदल्यागत हाय. वर येस्तोवर निम्मं सांडतंय." निम्मं तरी वर यायचं. एक घागर मात्र मी आडातच बुडवून ठेवली होती. ती आज काढतो. फार उशीर झाला, हे मला कळतं.

आपलं पहिलं भांडण देवावरून झालं होतं. तू नळदुर्गची, मी अणदूरचा. मध्ये तीन कोस रस्ता आणि एक खंडोबा. वर्षातले दहा महिने तो आमच्या अणदुरात, आणि चंपाषष्ठी झाली की पौषी पुनवेच्या जत्रेपर्यंत तुमच्या नळदुर्गात. मूर्ती एकच. न्यायला तुमचे मानकरी येतात, आणायला आमचे जातात, आणि दर वेळी दोन्ही गावं समोरासमोर बसून करार करतात, की देव नेतो आहोत, अमक्या दिवशी परत आणून देऊ. लग्नाच्या पहिल्याच वर्षी देव निघाला आणि मी सहज बोलून गेलो, "चालला आमचा देव तुमच्याकडं पाहुणा."

तू चुलीपुढून उठून आलीस. "पाहुणा? देव मूळचा आमचा हाय. तुमच्याकडं नुसता सांभाळायला दिलाय."

"दहा महिने सांभाळायला?"

"लेक न्हाय का जन्मभर सासरी देत? म्हणून काय ती सासरची होती व्हय?"

आई आतून खुदकन हसली.  पुढं दरवर्षी हे भांडण झालं आणि दरवर्षी ते ह्याच वाक्यावर येऊन थांबलं. निकाल काही लागला नाही.

तात्या तरुणपणापासून देवाबरोबर चालत नळदुर्गाला जायचे. पायात वहाण नाही, अंगाखांद्यावर भंडारा. निजामशाही गेल्यानंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि हळूहळू कालचं आज त्यांना आठवेनासं झालं. त्या साली देव निघाल्याच्या हलग्या ऐकून ते उठायला धडपडले, बाजेवरून खाली आले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "देव चालला... अन मी हितंच." आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. तू पदर खोचलास.

"मामंजी, उगी. तुमाला चालता येत न्हाय तर बाज चालंल. निजताना डोकं कुणीकडं करताय तुमी?"

"देवाकडं."

"मग देव चालला नळदुर्गाला तर डोकं बी नळदुर्गाला. अवो, बघत काय बसलाय? धरा तिकडनं."

हे शेवटचं मला. देऊळ आपल्या घराच्या दक्षिणेला आणि नळदुर्ग मावळतीला. आपण दोघांनी बाज तात्यांसकट पाव वळसा फिरवली आणि उसं मावळतीला केलं. तू भंडारा उधळलास, "येळकोट येळकोट जय मल्हार" अशी आरोळी ठोकलीस, शेजारची पोर सुमी टाळ्या पिटत बाजेभोवती नाचली. तात्यांनी डावा हात वर केला. "पोचलो?"

"पोचलो की. ही काय बोरी नदी लागली. ते बघा माझं माहेर. आई दारात उभी हाय."

तात्या हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले. तेव्हापासून वर्षातून दोनदा आपल्या घरात बाज निघायची आणि बाज परत यायची.

मी तेव्हा नळदुर्गच्याच कचेरीत कारकून होतो. सायकलनं जायचो, यायचो. तू टोमणा मारायचीस, "तुमी रोज उठून माझ्या माहेरी जाताय, अन मी हितं भिंती सारवती." टोमणा खरा होता, तात्या पडल्यापासून तुला माहेर असं उरलं नव्हतंच. रात्री आपण वाटून घेतल्या होत्या. तात्या रात्रभर कण्हायचे. कूस बदलून द्यावी लागे, भिजलेलं अंथरूण काढावं लागे, आणि काहीच नको असलं तरी आपल्याजवळ कुणी आहे ना, एवढ्यासाठी ते हाक मारायचे. निम्मी रात्र तुझी, निम्मी माझी. दिवसा मी कागदावर पेंगायचो आणि तू चुलीपुढं.

मग बदलीचा हुकूम आला. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. कचेऱ्यांतलं सगळं मराठीत व्हायला लागलं होतं आणि निजामाच्या वेळची उर्दू दप्तरं वाचून मराठीत उतरवणारी माणसं पुरत नव्हती. माझं शिक्षण उर्दूतलं. मला पार किनवटला धाडलं. नांदेडच्याही पलीकडं, जंगलाच्या तोंडाशी.

आई म्हणाली, "तबादला म्हंजे काय वनवास हाय का रं? त्या सायबाला सांग की, आईला दिसत न्हाय, बाप बाजंवर हाय."

सांगितलं. दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी त्यांच्यापुढं रडायचाच बाकी होतो, इंदू. ते काकुळतीला येणं खरं होतं, एवढं मात्र माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. निघताना तू मला उंबऱ्यात अडवलंस आणि माझ्या कपाळाला भंडारा लावलास.

"देव देताना आमी नळदुर्गवाले करार केल्याबिगर सोडत न्हाय. तुमी बी करार करा. माघारी कधी?"

"सहा महिन्यांत."

"बघा हं. मानकरी खोटं बोलत न्हाईत."

आता ती घागर.

किनवटला मला एका जुन्या घराच्या माडीवर खोली मिळाली. खाली कुणी राहत नव्हतं. पहिल्या दिवशी प्रवासानं शिणलो होतो. जेवून आडवा झालो आणि डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऊन आलं होतं. मध्ये कुणी हाक मारली नव्हती. मी दचकून उठून बसलो. वाटलं, तात्यांना काही झालं, आवाज कसा नाही? मग कुठं आहे ते आठवलं. आणि मग, इंदू, मी परत आडवा झालो.

एवढंच आहे. आणि एवढंच नाही.

काही दिवस लाज वाटली. पुढं लाजही माझ्याबरोबर झोपायला लागली. कचेरीतून आलं की भात टाकायचा, जेवायचं, आणि झोपायचं. रविवारी दुपारीही झोपायचं. किती वर्षांची साचलेली झोप होती कोण जाणे, संपेचना. दिवाळीला घरी आलो तेव्हा आईनं माझ्या गालांवरून हात फिरवला. "तिकडचं पाणी मानवलं रं माझ्या लेकराला." तू मला वाढताना नुसतं बघत होतीस.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. एका दुपारी तिथल्या साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "तुळजापूरला जागा होते आहे. तुमचे आईवडील म्हातारे आहेत ना? अर्ज द्या, मी शिफारस करतो." हेच मागण्यासाठी मी दोन वर्षं मनात वाक्यं जुळवत होतो. ती सगळी तोंडपाठ होती. आणि मी म्हणालो, "राहू द्या साहेब. दप्तर अर्धवट आहे. ते उरकूनच जातो."

साहेबांना माझं कौतुक वाटलं. अशी माणसं हवीत म्हणाले. मी बाहेर आलो, टेबलाशी बसलो, अर्धवट दप्तर पुढं ओढलं, आणि त्यातली एक ओळ वाचता आली नाही. पण त्या रात्रीसुद्धा मला झोप लागली.

ते दप्तर संपायला पुढं कितीतरी वर्षं लागली. मी ती लावली.

घरी येऊन मी सांगितलं, "साहेब ऐकत नाहीत." आईनं बोटं मोडली. "त्येचे आईबाप पडू देत बाजंवर, म्हंजे कळंल त्येला."

तू तिला थांबवलंस. "आत्याबाई, शाप कशापायी? त्येला बी लेकरंबाळं असतील. देव त्येला बुद्धी दील." आणि तिथंच, माझ्यादेखत, तू नवस बोललीस. चातुर्मासात वांगं आपण सगळेच सोडतो. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पुन्हा खायला लागतो. तू म्हणालीस, सायबाला बुद्धी होऊन हे घरी येस्तोवर माझं वांगं बंद.

मी काही बोललो नाही. ज्या साहेबानं मला बोलावून विचारलं होतं, त्याला बुद्धी व्हावी म्हणून तू वांगं सोडलंस, आणि मी काही बोललो नाही.

दर चंपाषष्ठीला मी रजा काढून यायचो. तू निखाऱ्यावर वांगी भाजायचीस, बोटं पोळवून घेत सोलायचीस, भरीत करून पहिल्यांदा देवाला, मग तात्यांना, मग मला वाढायचीस, आणि स्वतः रोडगा दुधात कुस्करून खायचीस. मी तुझ्यासमोर पाटावर बसून ते भरीत खाल्लं, इंदू. एका वर्षी चव इतकी साधली होती, की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

तुला संशय आला होता. येणारच. अंगानं भरलेला, चिडचिड न करणारा नवरा रजेवर येतो, आणि रजा संपण्याच्या आदल्या दिवशीच त्याची पिशवी भरून तयार असते. एकदा वांगी सोलता सोलता, मान वर न करता, तू म्हणालीस, "एक इचारू का? म्हाळसा घरात असताना देवानं रानात जाऊन बाणाई केली. तुमी तर रानातच जाऊन बसलाय. तुमाला कुणी भेटली का काय बाणाई?"

आई हसली. तू हसली नाहीस.

मी चिडलो. चिडणं सोपं होतं. "काहीही बोलतेस," म्हणून चुलीपासून उठलो. पुढं तू अधूनमधून तोच काटा टोचून बघायचीस, कधी थट्टेत, कधी नुसत्या नजरेनं. "बाणाईला आमचा नमस्कार सांगा," असं एस. टी.पाशी सुद्धा म्हणाली होतीस एकदा, आणि शेजारच्या बायांनी तोंडाला पदर लावले होते. मी दर वेळी गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, गप्प बसतो म्हणजे आहेच कुणीतरी.

कुणी असती तर मी कबूल झालो असतो, असं आता वाटतं. बाई असती तर तू भांडली असतीस, तिच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्यास, भावाला घेऊन किनवटला येऊन मला दंडाला धरून नेलं असतंस. झोपेशी तू कशी भांडणार होतीस? जिच्या वाटणीला आता पुरी रात्र आली होती, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मी इथं झोपायला राहिलो आहे? वाईट चालीचा ठरलो असतो तर चाललं असतं. हे त्याच्याहून खालचं होतं. म्हणून मी तुला बाणाईच्या संशयावरच राहू दिलं.

आणि तू तिकडं काय करत होतीस, ते एका दुपारी कळलं. रजेवर आलो होतो, एस. टी.तून उतरून ओसरीपर्यंत पोचलो, आणि आतून तात्यांचा आवाज आला. "माधव कुठंय?"

"नळदुर्गाला गेलेत, कचेरीत. येतील सांजच्याला."

इतक्या सहज म्हणालीस, की मीच क्षणभर सायकल कुठं लावली ते बघायला वळलो. पुढं आत आलो. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आज लौकर सुटली का रं कचेरी?"

"हो तात्या," मी म्हणालो. आदल्या दिवशी निघालेला, आगगाडीच्या धुरानं काळवंडलेला मी म्हणालो, हो.

संध्याकाळी विचारलं तर तू सांगायचीस, आत्ताच जेवून निजलेत, दमलेत. सकाळी विचारलं तर, तुमी उठायच्या आधी गेले. तात्यांपुरती माझी बदली कधी झालीच नाही. आपला मुलगा सांजच्याला घरी येतो, ह्या भरवशावर त्यांनी ती सगळी वर्षं काढली. मी गेलो होतो, आणि तू मला त्या घरातून जाऊ दिलं नव्हतंस. ह्याबद्दल मी तुला एक शब्दसुद्धा बोललो नाही. आज तरी काय बोलणार? तुझ्यामुळं माझा बाप कधी पोरका झाला नाही, इंदू.

गेल्या उन्हाळ्यात बदली परत झाली, तीही न मागता. दप्तर संपलं होतं. ह्या वेळी तुळजापूर. आठवडाभर तिथं राहायचो, शनिवारी घरी. "बाणाईनं सोडलं वाटतं," तू म्हणालीस आणि ह्या खेपेला खरंच हसलीस. पण घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालत होतीस. पायावर सूज होती. "पाणी उतरलंय पायात, जाईल," म्हणायचीस. मी म्हणालो, मी असेन त्या रात्री तात्यांचं माझ्याकडं दे. "ऱ्हाऊ द्या. त्येंला माझ्या हाताची सवय झालीय." आणि मी राहू दिलं. ओसरीत पडायचो, आणि गाढ झोपायचो.

चंपाषष्ठी आली. नवस फिटला होता. तू वांगी भाजलीस, आणि मी तुला हाताला धरून पाटावर बसवलं, आज तू आधी खायचंस म्हणून. आई म्हणाली, "खा गं पोरी, त्या सायबाच्या नावानं खा." तू एक घास घेतलास. थोडा वेळ तो तोंडातच धरून बसलीस.

"चव लागंना," म्हणालीस. "इतकी वरसं हेच का वो भरीत?" आणि ताट माझ्याकडं सरकवलंस. "तुमी खावा."

तुला ताप होता. मला तो तुझा हात धरल्यावरही कळला नव्हता. घास राहिला तेव्हा कळला.

देव नळदुर्गाला निघाला त्या दिवशी मी तुळजापुरात होतो. शनिवारी आलो तर बाज फिरवलेली. तात्यांचं उसं मावळतीला, आणि तू खाली जमिनीवर पडलेली, धापा टाकत.

"मी येईपर्यंत थांबायचं होतंस. कुणाला तरी हाक मारायची."

"सवय न्हाय," म्हणालीस.

रागानं म्हणाली असतीस तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं खाटेशी बसून मी किती दिवस हेच घोकत होतो, की आज सांगतो, आज सांगतो. शेवटी विचारलंस तूच. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरची बाई भेटायला आलेल्यांशी बोलत होती. तू माझी बाही ओढलीस.

"आता तरी सांगा. म्या रागवत न्हाय. कोण हुती?"

"कुणी नव्हती."

 तू माझ्या हातावर थोपटलंस, जसं तात्यांना थोपटायचीस तसं. "बरं," म्हणालीस.

ते 'बरं' मला ओळखू आलं. तात्यांना नळदुर्गाचं सांगताना तू ज्या मायेनं खोटं बोलायचीस, त्याच मायेनं तू मला खोटं बोलू दिलंस. आणि मी खरं बोललो होतो! उभ्या जन्मात एकदा तुला खरं सांगितलं, आणि नेमकं तेच तुला खोटं वाटलं, कारण त्याच्या पुढचं वाक्य मी बोललो नाही. ते जिभेवर होतं. पण तुझे डोळे मिटले. तुला इतकं गाढ झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उठवून सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, उठली की सांगू.

तू उठली नाहीस. संध्याकाळी गेलीस. तुझ्या भावानं आणि मी सगळं तिथंच उरकलं. तुला घरी आणलं नाही, म्हणून तात्यांना काही कळलं नाही.

तर काल, बाज.

देव वेशीत आला होता. मी पायाकडच्या लाकडाला हात घातला आणि उचलायला गेलो. एक पाय उचलला, दुसरा फरफटला, बाज तिरकी झाली आणि तात्या कण्हले. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. ओसरीतून आईनं आवाजावरूनच ओळखलं.

"अरं उचलू नगं. ती कुठं उचलत हुती? तुझ्यासारका गडी घरात असल्यावर उचलायची. पोतं भिजीव. एकेका पायाखाली सरकव, अन वढ. खळग्यातनं काढ, खळग्यात घाल."

तेव्हा मी पहिल्यांदा जमिनीकडं बघितलं. सारवलेल्या भुईत चार खळगे रिकामे होते, देव अणदुरात असतानाचे. बाज ज्यात उभी होती ते चार नळदुर्गाचे. आठ. वर्षानुवर्षं तात्यांचं वजन घेऊन खोल झालेले, आणि तू त्यांच्या कडांवरून बोट फिरवून सारवत आलेली, एकही बुजू न देता. मी ह्या घराचा मुलगा, मला ते माहीत नव्हते.

वाकलो तेव्हा बाजेच्या डाव्या लाकडाला एक चिंधी बांधलेली दिसली. हिरव्या काठाची. तुझं जुनं लुगडं.

"आई, हे काय बांधलंय?"

 "तुला सांगू नगं म्हणली हुती. एक टोक ह्यांच्या चांगल्या हाताला अन एक तिच्या मनगटाला. हितंच खाली पडायची. ह्यांचा हात हालला की जागी व्हायची. तू किनवटाला गेलास तवापासनं."

"रोज?"

"तू आलास की सोडून ठिवायची. म्हणायची, आत्याबाई, त्येंला दिसलं तर नोकरीत जीव लागायचा न्हाय त्येंचा."

मी तिथंच खाली बसलो, तू पडायचीस त्या जागेवर. दप्तर संपवायला मी जेवढ्या रात्री लावल्या, तेवढ्या रात्री तू इथं मनगटानं जागी होत होतीस. माडीवर मी जी झोप झोपलो ती माझी नव्हती, इंदू. ती तुझी होती. मी ती घेऊन गेलो होतो, आणि दर चंपाषष्ठीला तुझ्यासमोर बसून भरीत खाऊन पुन्हा घेऊन जात होतो.

हलग्या जवळ आल्या. काम तर करायलाच हवं होतं. मी पोतं भिजवून आणलं आणि पहिल्या पायाशी वाकलो. तात्यांनी डोळे उघडले.

"सून कुठंय?"

ओसरीत आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी वर बघितलं. तुझ्याइतकं सहज मला जमणार नव्हतं, पण दुसरं काही सुचलंही नाही.

"नळदुर्गाला गेलीय तात्या. माहेरी."

त्यांना किती कळलं, किती नाही, मला सांगता येणार नाही. मग डाव्या हातानं त्यांनी बाजेचं लाकूड धरलं.

"मग... ऱ्हाऊ दे."

"काय तात्या?"

"बाज. तिकडंच ऱ्हाऊ दे डोकं."

"अवो, पर देव आला न्हवं हिकडं!" आई ओसरीतून म्हणाली.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. "देव येतो... जातो," म्हणाले. "पोरगी कधी गेली न्हवती."

हलग्या दारावरून देवळाकडं गेल्या आणि तिकडंच थांबल्या. मी पोतं पिळून दोरीवर टाकलं. बाज फिरवली नाही. हिरव्या काठाचं एक टोक तात्यांच्या हाताला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला आहे. हात हलला की लिहायचं थांबवावं लागतं. अक्षर वाकडं आलं असेल तर त्यामुळं.

कुणी नव्हती, इंदू. झोप होती.

आणि आपलं ते भांडण तू जिंकलीस. देव अणदुरात आला आहे, आणि अणदूरचे चारही खळगे रिकामे आहेत.